रिकामं वजन

डिचोलीत, बसस्टँडच्या मागे, ब्राझ
पालथ्या घातलेल्या लॅपटॉपचे अकरा स्क्रू
स्टीलच्या बशीत मांडतो,
निघाले त्याच क्रमाने, गोल.

झाकण उचललं आणि दोघंही गप्प.
आत लाल माती.
पंख्याच्या पात्यांवर, तांब्याच्या नळीवर,
रॅमच्या दोन खाचांपैकी जी रिकामी तिच्यात,
आमच्या खाणीची माती, पिठासारखी बारीक.
मला वाटलं होतं ती सगळी बोटीत चढून गेली.

"खंय आशिल्लो हो?"
वजनकाट्यावर, म्हटलं. खिडकीत. नऊ वर्षं.
ट्रक रिकामा यायचा, मी आकडा टिपायची,
भरून निघायचा, पुन्हा आकडा.
एकातून दुसरा वजा केला की माल.
खाण बंद पडली तेव्हा कंपनीने खुर्च्या, कपाटं,
पाण्याचा कूलर आणि हा
लिलावात काढला. अठराशेला घेतला.
याच्यावर दुसरी बोली आली नाही.
माझ्यावर तर पहिलीही नाही.

पट्टी आठ जीबीची,
म्हापशाहून आलेली, कुणाच्या तरी मोडक्या यंत्रातली.
"हिका एकूच वाट," म्हणत त्याने खाच दाखवली,
मध्यापासून किंचित सरकलेली,
उलटी घालू म्हटलं तर बसायचीच नाही.
तिरकी धरायची, मग दाबायची.
टक्.

दुखणं मात्र वेगळंच होतं.
पडदा आठशे बाय सहाशेवर अडकलेला,
चेहरे रुंद, अक्षरं सुजलेली.
कार्ड बनवणाऱ्यांनी केव्हाच हात वर केलेत.
त्यांचा ड्रायव्हर जुन्या कर्नलवर थांबला,
नव्यावर चढवला की सगळं काळं, आणि कोपऱ्यात
लुकलुकणारी एक रेघ,
सहीला जागा सोडल्यासारखी.
"कंपनी हाका विसरली, बाये."
मला काही नवल वाटलं नाही.

त्याने कंपनीचा ड्रायव्हर मुळासकट काढला.
मज्जाव केलेल्या नावांची एक फाईल असते,
तिच्यातली एक ओळ पुसली.
त्या ओळीत ज्याला अडवलं होतं त्याचं नाव नुवो.
फ्रेंच शब्द आहे, ब्राझ म्हणाला. म्हणजे नवा.
या पोरण्या कार्डाला!

लिहिणाऱ्यांना म्हणे कुणी कागदपत्रं दिली नव्हती.
त्यांनी कार्डालाच विचारलं:
इथे हा आकडा टाकला तर काय होतं?
आणि इथे?
आणि आता?
बरेचसे बिनपगारी.
मला दिसलं, कुठल्याशा थंडीच्या गावात
कुणी एक बाई किंवा बाप्या खिडकीशी बसून
आत जाणारा आकडा, बाहेर पडणारा आकडा
ओळीने टिपतंय.
हे काम मला ठाऊक आहे.

पुन्हा चालू केला. बराच वेळ काही नाही.
बाहेर रोस आमलेटच्या गाड्यावर कांदा चिरत होते.
आणि पडदा एकदम कडेपर्यंत उघडला,
अक्षरं आपापल्या मापाची.

"चलता, पूण सवकास."
कार्ड पहिल्या गिअरच्या वर जाणार नाही म्हणे.
नसेना का. भरलेला ट्रक घाटी
पहिल्यावरच उतरवतात, शहाणे असतील तर.

मग त्याने एक शब्द टाइप केला
आणि आकड्यांचे रकाने आले.
एकूण. वापरातली. मोकळी.
माझा हात आपसूक पेन शोधू लागला.
मोकळी इतकी? पुन्हा वजा करून पाहिलं.
तितकीच.

मजुरीचे तीनशे, पट्टीचे वेगळे.
ब्रशने झाडलेली माती त्याने वर्तमानपत्राच्या तुकड्यावर
गोळा केली होती, चिमूटभर.
टाकू का, म्हणाला.
थांब, म्हटलं. मग का थांबवलं ते सुचेना.
तो कागद धरून उभा.
टाक, म्हटलं, पण बाहेर जाऊन.
इथे फुंकू नकोस,
स्क्रू अजून बशीत आहेत.